पानाच्या बाजूला

इंदिरानगर, नाशिक
१२ जून २००५

आल्हाददादा,

हो, चक्क पोस्टानं पत्र. ईमेलवर मराठी लिहिलं की तुझ्या मस्कतच्या ऑफिसात नुसते चौकोन उमटतात, असं तूच म्हणालास. मागच्या ईमेलात मी तुला पोटभर शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या चौकोनांत वाया गेल्या. कागदावर चौकोन होत नाहीत, तेव्हा जपून राहा.

सोबतच्या सीडीत काय आहे ओळख बघू. शामकाकांचं ‘कॅम्प नंबर चार’! तुझ्या बाबांचं पुस्तक आता ई-बुक झालंय. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात तंबू ठोकून धरणांच्या जागा मोजत फिरायचे, ते सगळे दिवस. अठ्ठ्याण्णव साली छापून आलेलं, सगळ्या नातेवाइकांनी फुकट घेतलेलं आणि कुणीही न वाचलेलं. (तू वाचलंस? खरं सांग.)

उद्योग सुचला तो आत्यामुळे. तुझी आई डोळ्यांचं तुला फोनवर नीट सांगत नसणार, म्हणून मी सांगते. पडद्याचा आजार आहे, मधलं दिसेनासं होत चाललंय, आणि दिवाळीपर्यंत आहे तेही बरंच कमी होईल असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना रिक्षात ती एवढंच बोलली, “ह्यांचं पुस्तक वाचायचं राहिलं.” मी चाट! सात वर्षं कपाटात पडलेलं पुस्तक हिनं उघडलंही नव्हतं? पण तिचा चेहरा बघून पुढं काही विचारलं नाही. छापील अक्षर आता तिला दिसत नाही. कॉम्प्युटरवर मात्र हवं तेवढं मोठं करता येतं. एका वेळी चारपाच शब्द पडद्यावर मावतात, पण वाचता येतं.

आमच्या कंपनीत दिवसभर हेच चालतं, परदेशातली जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर वाचता येतील अशी करायची आणि मग त्यातल्या चुका वेचत बसायचं. साहेबांना मस्का लावला, प्रकाशकांकडून जुन्या फायली मिळवल्या आणि जुन्या फाँटमधलं सगळं नव्यात उतरवलं. उतरताना काय काय हाल झाले विचारू नकोस. रफार एक घर पुढे सरकले, जोडाक्षरांचे पाय मोडले. पहिली दोन प्रकरणं मी डोळ्यांत तेल घालून तपासली. बाकीची तपासायच्या आत प्रकाशकांनी सीडी उचलली आणि पुस्तक प्रदर्शनात विकायलाही ठेवली. त्यांना घाई. चुका सापडल्या तर पान लिहून कळव, दुसऱ्या आवृत्तीत काढू.

आत्याच्या कॉम्प्युटरवर मी ते परवाच चढवून दिलंय. वहिनींना नमस्कार.

तुझी,
मोहिनी

---

मस्कत
२ जुलै २००५

मोहिनी,

सीडी पोचली. कल्पना उत्तम, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. कौतुक इथं संपलं.

रफार आणि जोडाक्षरं मी सोडून देतो. पण तुमच्या यंत्रानं बाबांच्या पुस्तकात दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक मिसळलंय, ते कसं सोडू? तिसऱ्या प्रकरणापासून एक मुलगी येते. गोदू नावाची. माझ्याकडे छापील प्रत आहे (हो, वाचलेली), त्यात ही मुलगी कुठंही नाही. बाबा मोजणीची साखळी कशी धरायची ते सांगताहेत, आणि मधेच वाक्य येतं, “गोदू तंबूच्या दोरीला धरून उभी होती.” पुढं पुन्हा साखळी. कुणी तरी फिरतीवरच्या दुसऱ्या माणसाच्या आठवणी असाव्यात. तंबू आहे, जीप आहे. तीच ती चारदोन वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. “मी निघालो की ती दोरी धरायची, आणि मी परत येईपर्यंत सोडायची नाही.” “परत आलो की मुठीतली पांढरी गारगोटी मला द्यायची, मोजपट्टीच्या डब्यात ठेवायला.” आणि एक वाक्य आहे, ते जिथं येतं तिथं मला पुस्तक बंद करावंसं वाटतं. “त्या संध्याकाळी दोरीजवळ कुणी नव्हतं.”

माझ्या मुंजीचं पान बघ. त्र्यंबकेश्वरला केली होती ती. त्यात आता असं झालंय: “मांडवात पाहुणे जमले. गोदू तंबूच्या दोरीला धरून उभी होती. बटूला आंघोळ घालून आणलं.” मी आठ वर्षांचा होतो, मला तो मांडव आठवतो. आणि गंमत सांगू? आता आठवताना मला त्या मांडवाच्या दोरीपाशी खरंच कुणी तरी उभं दिसतं. चूक छापता तुम्ही आणि आठवणी बिघडतात माझ्या.

चेष्टा राहू दे. मी रोज लोकांची ड्रॉइंग तपासणारा माणूस. चूक सापडली की खूण करायची आणि पुढे जायचं, एवढंच मला येतं. पण हे पुस्तक वाचताना पान उलटण्याआधी माझा हात थांबतो. आता ती येणार, असं वाटतं, आणि ती येतेच.

आईनं हे वाचता कामा नये. तिनं सात वर्षांनी बाबांचं पुस्तक हातात घेतलंय, त्यात दुसऱ्याच कुणाची मेलेली मुलगी कशाला? लगेच दुरुस्त कर.

आल्हाद

---

इंदिरानगर, नाशिक
२४ जुलै २००५

आल्हाददादा,

तुझं पत्र वाचून आधी मी फुरंगटले, मग फाईल उघडली.

दुसऱ्या कुणाचं पुस्तक मिसळलेलं नाही. मराठी पुस्तक आमच्याकडे आजवर हे एकच आलं. बाकी सगळी इंग्रजी, त्यात गोदू कुठून येणार? प्रकाशकांना विचारलं, त्यांना काही माहीत नाही. ते म्हणाले व्हायरस असेल. व्हायरसला इतकं चांगलं मराठी येत असतं तर आम्ही त्यालाच प्रूफं तपासायला बसवलं असतं.

मी काढायला बसले. नाव शोधायचं, वाक्य पुसायचं, पुढे जायचं. सगळं झालं असं वाटलं, आणि सकाळी परत चाळलं तर एका पानावर ती होतीच. नावाच्या मधोमध ओळ तुटली होती म्हणून शोधात सापडली नव्हती. दुसऱ्या दिवशी अशीच आणखी एक. सरळ कारण आहे, मला कळतं. पण ऑफिसात एकटी बसून हे काम करवेना, शेजारच्या मुलीला बोलावून घेतलं. अजून एक गोष्ट लक्षात आली. ती पानावर वाटेल तिथं येत नाही. दर पानात साधारण तेवढ्याच उंचीवर येते, खालच्या अंगाला. लहान मूल उभं राहिलं तर जेवढं येईल तेवढ्यावर. हे मनात आलं आणि मी खुर्ची मागे सरकवली.

आता आत्याचं. तू म्हणालास तिनं वाचता कामा नये, पण तिचं वाचून झालंय दादा. रोज दुपारी कॉम्प्युटरपुढे बसते. समोर बसत नाही, खुर्ची तिरकी करून बसते आणि मान वळवून वाचते. मंगळवारी मी गेले तेव्हा पाठमोरी होती. मला म्हणाली, “आज अजून आली नाही गं.” मला वाटलं कामवाल्या कुसाबाईंबद्दल बोलतेय. मी म्हटलं, “कुसाबाई मागं भांडी घासतायत की.” त्यावर ती हसली. “बरं, पान उलट.” मी उलटलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत चारच शब्द होते. तंबूच्या दोरीला धरून उभी. आत्यानं पडद्याच्या काचेवर बोटं टेकवली आणि तशीच बसून राहिली. मी विचारलं, “आत्या, ही कोण?” तर म्हणाली, “असू दे. चहा टाक.”

चहा पिताना ती नेहमीसारखी. कांद्याचे भाव, शेजारचं लग्न. मी मात्र अर्धा कप तसाच ठेवून निघाले. तू आधी ठरव काय करायचं. मला सुचत नाही.

मोहिनी

---

मस्कत
८ ऑगस्ट २००५

मोहिनी,

सगळं काढ आणि स्वच्छ प्रत आईच्या कॉम्प्युटरवर चढव. तिला काही सांगू नकोस. मी इथल्या डॉक्टरांशी बोललो. डोळे अधू झाले की कधी कधी माणसाला नसलेलं दिसायला लागतं म्हणे. त्यात आपण तिला छापील भूत आणून दिलं. दिवाळीला मी येतोय, गरज पडली तर तिला इकडे घेऊन येईन.

हे सगळं मी काल सकाळी लिहिलं होतं. पाकीट चिकटवायचं राहिलं, ते बरं झालं.

बाबांची मोजपट्टी माझ्याकडे आहे. चामड्याच्या गोल डब्यातली, ते गेल्यावर आठवण म्हणून मी आणलेली. तीन वर्षं कपाटावर आहे, कधी उघडली नव्हती. काल उघडली. पट्टीच्या खाली कापडात गुंडाळलेल्या पांढऱ्या गारगोट्या आहेत. लहान मुलाच्या मुठीत मावतील एवढ्या.

तुझ्या वहिनीनं विचारलं काय झालं, मी तिच्यापुढे डबा सरकवला.

प्रतीचं वर लिहिलंय तसं कर, पण ज्यानं कुणी हे पुस्तक तेव्हा कॉम्प्युटरवर लावलं, त्याला शोध. त्याला माहीत असेल. मला फोनवर सांगू नकोस, मी ऑफिसात असतो. लिही.

आल्हाद

---

इंदिरानगर, नाशिक
५ सप्टेंबर २००५

आल्हाददादा,

हे पत्र बसून वाच.

आधी घडलं ते क्रमानं सांगते. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी स्वच्छ प्रत केली आणि आत्या फिरायला गेली असताना चढवून आले. दोन दिवसांनी गेले तर कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. आत्या बाल्कनीत. मी विचारलं, “वाचत नाहीस?” ती म्हणाली, “तू काढलीस का?” काय काढलं हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हटलं, “चुका होत्या आत्या, कन्व्हर्जनमध्ये आलेल्या.” तिनं मान रस्त्याकडे वळवली. मग म्हणाली, “तूही काढलीस.” तो ‘ही’ घेऊन मी घरी आले. त्यानंतर ती कॉम्प्युटरकडे फिरकलेली नाही. जेवते, बोलते, पण विचारलं तेवढंच. दिवाळीपर्यंतच्या नजरेचे हे दिवस ती बाल्कनीत बसून घालवते आहे आणि ते माझ्यामुळे, असं मला रोज वाटतं.

मग मी हट्टाला पेटले. पुस्तक लावणारा धनराज शोधून काढला. सटाण्याकडचा आहे, तेव्हा प्रेसमध्ये डीटीपी करायचा, आता पंचवटीत लग्नपत्रिकांचं दुकान आहे त्याचं. काकांच्या पुस्तकाचं नाव काढलं आणि तो हातातलं काम टाकून उठलाच.

“शुक्लसाहेब! माले बठ्ठं याद शे ताई,” म्हणाला, म्हणजे सगळं आठवतं. मग मला कळावं म्हणून आपल्या मराठीवर आला. “सायेबांनी सांगितलं, एवढी वाक्यं काढून टाकायची. मी माऊस उचलला तर माझा हात धरला त्यांनी. म्हटले, पुसू नको रे धनराज. बाजूला बसव तिला.”

ही बाजू काय ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे. त्या वेळच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या मधोमध पान दिसायचं आणि भोवती रिकामी जागा, टेबलावर कागद ठेवल्यावर उरते तशी. पानावरचा मजकूर ओढून त्या जागेत ठेवला की तो छापला जात नाही, पण पुसलाही जात नाही. डीटीपीवाल्यांची ती सवयच. “लेखक मानूस आज काढ म्हनतो, उद्या परत लाव म्हनतो. आपण पुसतच नाय. पुसलं का गेलं,” असं धनराज म्हणाला. आणि पानं कितीही पुढे नेली तरी बाजूला ठेवलेलं तिथंच दिसत राहतं, प्रत्येक पानाशेजारी. आमच्या यंत्राला पान कुठलं आणि बाजू कुठली हे कळलंच नाही. त्यानं पानागणिक जे दिसलं ते सगळं उचललं. पुस्तकात कुणी नवं आलं नव्हतं दादा. ती सात वर्षं त्या फाईलमध्येच होती.

पहिली दोन प्रकरणं वेगळ्या फाईलमध्ये होती, तिथं ती नाही, आणि शेवटच्या प्रकरणातही नाही. पुस्तक लागत असतानाच तुझं लग्न झालं, आणि काकांनी ते प्रकरण मागाहून लिहून दिलं. ते धनराजनं नव्या फाईलमध्ये लावलं.

मी विचारलं, “ती कोण, हे सांगितलं का त्यांनी?” धनराज म्हणाला, “इचारावं नाय लागलं. पुस्तक दोनतीन म्हैने चाललं. सायेब रोज जेवून यायचे आन माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे. मी पान पुढं घ्यायचो, ते पानाकडं बघायचेच नाय. बाजूला बघायचे. एक दिवस म्हटले, मुलगी होती रे माझी. कॅम्पवर गेली.”

आल्हाददादा, गोदू तुझी मोठी बहीण. आपल्या घरात कुणीच कधी बोललं नाही. माझ्या बाबांनीही मला सांगितलं नाही, आणि ते तर तिचे सख्खे मामा. हे तुला कागदावर कळवायची वेळ माझ्यावर यावी असं मला वाटत नव्हतं.

मी उद्या आत्याकडे जाऊन धनराज जे बोलला ते शब्दाला शब्द सांगणार आहे. तुझ्या परवानगीची वाट बघत नाही. रागावायचं तर खुशाल रागाव.

मोहिनी

---

गंगापूर रोड, नाशिक
१० सप्टेंबर २००५

चि. आल्हाद,

अनेक आशीर्वाद.

जाड पेनानं लिहिते आहे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. ओळीवर ओळ चढली तर लावून घे. सरळ बघितलं की मधे काळा डाग येतो. नजर जरा बाजूला नेली की दिसतं. डॉक्टर म्हणाले, आता असंच बघायचं.

गोदूचं तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. ते राहिलं. आता सांगते.

तिचं नाव गोदावरी. ह्यांच्या आईचं नाव ठेवलं होतं. पेठच्या पुढच्या कॅम्पवर घटसर्पानं गेली. चार वर्षांची होती. एक जीप होती, ती ह्यांना घेऊन नाशिकला मीटिंगला गेली होती. हे परत आले, तेव्हा दोरीजवळ कुणी नव्हतं. ते वाक्य ह्यांनी खरं लिहिलंय.

मग आम्ही तिचं नाव घेतलं नाही. ठरवलं असं नाही. मी नाव घेतलं तर हे मोडतील, असं मला वाटे. त्यांना माझ्याबद्दल तेच वाटत असणार. मग तू झालास. तू हसायचास, आणि तुझ्यासमोर कसं बोलायचं ते आम्हाला कधी कळलं नाही.

पुस्तक लिहिलं तेव्हा कागद आधी मला वाचायला दिले. त्यात ती होती. मी म्हटलं, हिला काढा. कुणी तरी वाचेल आणि ह्यांना म्हणेल, काय सुंदर लिहिलंय हो, डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पोरीच्या मरणाला कुणी सुंदर म्हणायला नको होतं मला. एवढंच होतं माझं म्हणणं.

हे बरं म्हणाले. एका शब्दानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी प्रेसमधून आले आणि म्हणाले, काढली.

आल्हाद, मला असा राग आला. मीच काढा म्हटलं आणि काढली म्हणून मलाच राग. इतक्या सहज काढली? नाही म्हणायचं होतं. भांडायचं होतं माझ्याशी. पुस्तकाची पहिली प्रत ह्यांनी माझ्या हातात दिली, ती मी न उघडता कपाटात ठेवली. ते बघत होते. ते गेले तेव्हाही माझ्या मनात तो राग होता. ते गेल्यावर तर कुणावर काढायचा तेही उरलं नाही.

डोळे जायला लागले तेव्हा वाटलं, एकदा वाचावं. मनात म्हटलं, बघू तरी तिच्याशिवाय कसं लिहिलंय. तर ती आली. पहिल्यांदा अंगावर काटा आला. वाटलं, डोळ्यांमागोमाग डोकंही चाललं. मग पुन्हा आली. नाशिकला बदली झाली तेव्हा आली. तुझ्या बारशाला आली. तुझ्या मुंजीत आली. मला भीती वाटेनाशी झाली. जेवण उरकून मी तिची वाट बघायला लागले. मोहिनीला वाटलं मी भ्रमिष्ट झाले. वाटू दे.

मग एक दिवस सगळं पुस्तक रिकामं. पानामागून पान, नुसती धरणं. मोहिनीला बोलू नकोस, तिनं चुका काढल्या. मला मात्र ती दुसऱ्यांदा गेली.

चार दिवसांपूर्वी मोहिनी आली आणि धनराजचं सांगून गेली. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, ती तुला सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. पुस्तक लागत होतं तेव्हा हे रोज जेवले की चपला घालून निघायचे. मी टोचून बोलायचे. म्हणायचे, काय हे छापून येण्याचं वेड, पाठ टेकायचीही फुरसत नाही.  हे खाली मान घालून जायचे.

ते पोरीपाशी जाऊन बसत होते रे. मला सांगितलं असतं तर मीही गेले असते. दोघं बसलो असतो.

आता मला राग नाही. रडू आहे, पण राग गेला. तो जायला सात वर्षं लागली, आणि तुमच्या यंत्राची चूक लागली.

माझं एवढं काम कर. काढायला तू सांगितलंस म्हणे, म्हणून तुलाच म्हणते, मोहिनीला सांग, तिला परत आण. जिथं जिथं होती तिथं तिथं. मधेच आली तरी येऊ दे, वाचणाऱ्याला चूक वाटली तरी वाटू दे. कुणी सुंदर म्हटलं तरी आता चालेल मला. पण लवकर. नजर थोडी उरली आहे.

सुनेस आशीर्वाद.

तुझी,
आई

---

मस्कत
२९ सप्टेंबर २००५

मोहिनी,

आईचं पत्र आलं. कॅलेंडरची पानं आहेत, मागच्या बाजूला तारखा. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभा राहून वाचलं. नंतर काय केलं ते लिहीत नाही.

तू तिला सांगायला गेलीस ते योग्य केलंस. मी रागावलो नाही. मी परवानगी दिली नसती, आणि मग हे कधीच झालं नसतं.

एक आठवलं ते सांगतो. फोटो काढायचा म्हटलं की आई नेहमी जरा सरकून उभी राहायची. ती आणि बाबा यांच्यामधे जागा सुटायची. फोटोवाला म्हणायचा, जवळ या, जवळ या. बाबा म्हणायचे, असू दे, असाच काढा. मी इतकी वर्षं समजत होतो की या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

आता काम. पहिली प्रत, म्हणजे प्रदर्शनात विकली गेली ती, पुन्हा घे. रफार आणि जोडाक्षरं दुरुस्त कर. तिच्या वाक्यांना हात लावू नकोस. प्रकाशक कुरकुरले तर त्यांना सांग, लेखकानं ती तिथं ठेवून घेतली होती. हे खोटं नाही. आईच्या कॉम्प्युटरवर ती लगेच चढव, बाकीचं मागाहून. दिवाळीला मी येतो, उरलेलं तिला मी वाचून दाखवीन. सोबत गारगोट्याही आणतो. त्या तिच्या हातात द्यायच्या आहेत, त्या बघायला नजर लागत नाही.

एक चूक मात्र राहिली आहे. शेवटचं प्रकरण नव्या फाईलमध्ये लावलं म्हणून तिथं ती नाही, असं तू लिहिलंस. माझ्या लग्नाचं पान काढ. “मंगलाष्टकं सुरू झाली” आणि “आल्हादसमोर अंतरपाट धरला” ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आहेत. त्यांच्यामधे तिचं वाक्य घे. तुला पाठ असेलच, तरी लिहून देतो.

गोदू तंबूच्या दोरीला धरून उभी होती.

प्रूफ मला पाठव. मी तपासून देतो.

आल्हाद